साऱ्या जगाला आवतन

हसनाबादेत माझं पत्रिका छापायचं दुकान आहे. लग्न, बारसं, वास्तुशांती, तेरावं, जे म्हणाल ते छापून देतो. तेव्हा लोकांना बोलावणं हा माझा धंदाच आहे म्हणा ना. पण खरं सांगायचं तर माझ्या पत्रिकेमुळे कोणी लग्नाला आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पत्रिकेत लोक कोणाचं नाव वर आणि कोणाचं खाली एवढंच बघतात आणि रुसून बसतात. माणसं येतात ती आवतनानं, आणि आमच्या गल्लीत आवतन म्हणजे दैवशाला काकू.

काकू माझ्या धाकट्या चुलत्याची, रामकिसन काकाची बायको. माहेर जाफराबादकडचं. उंच, काटक बाई, आणि आवाज असा की ती ओट्यावरून बोलली तर तीन घरं पलीकडची माणसं 'काय गं?' म्हणून बाहेर यायची. गल्लीत कोणाचंही कार्य असो, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन तीच निघायची. दारात उभी राहून घरातल्या एकेकीचं नाव घ्यायची. "सगळ्याजणी या म्हणलं की कोणीच येत न्हाई," हे तिचं म्हणणं. सुनेचं नाव, माहेरपणाला आलेल्या लेकीचं नाव, खाटेवर पडलेल्या म्हातारीचं नाव तर सगळ्यात आधी. भांडण असलेली दोन घरं ती लागोपाठ घ्यायची नाही, मधे तिसरं घर घालायची. आणि सगळ्यांना पुरेल एवढं रांधणार असतील तरच ती 'चूलबंद आवतन हाय' म्हणायची, म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. पुरणार नसेल तर यजमानानं कितीही गळ घातली तरी तो शब्द तिच्या तोंडून निघायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी रामकिसन काका गेला, आणि त्यानंतर काकूला कोणी 'ताट घेऊन जा' म्हटलं नाही. 'जाऊ नको' असंही कोणी म्हटलं नाही. आमच्याकडे असल्या गोष्टी बोलून होतच नाहीत, म्हणजे कोणाला लाज वाटायचीही वेळ येत नाही. ताट माझ्या आईकडे, उषाबाईकडे आलं. आता माझ्या आईबद्दल मी काय बोलावं? ती आवतन द्यायला दारात उभी राहिली की लोकांना वाटायचं, उसनी साखर मागायला आली. दर कार्यात एखादं घर तिच्याकडून सुटायचंच. असंच सुटलेल्या गल्लीतल्या वसंताच्या घरचे तर अजून आमच्याशी धड बोलत नाहीत.

काकूनं एका शब्दानं तक्रार केली नाही. उलट तिचंच ठाम मत होतं की शुभाच्या कामात आपला हात नको. कुठं हळदी-कुंकू निघालं की ती गुपचूप मागच्या दारानं घरी जायची. मला याचाच जास्त संताप यायचा. दुसऱ्यानं दाबलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तिची एकुलती एक लेक आकांक्षा. संभाजीनगरला हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि पोरगी थेट इटलीत गेली. आल्प्सच्या डोंगरातल्या एका लहानशा गावात, हॉटेलात कामाला. त्याच भागात फेब्रुवारीत हिवाळी ऑलिंपिक भरायचं होतं. ऑक्टोबरात, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, तिचा मला फोन आला.

"दादा, आमच्या गावकऱ्यांनी ठरवलंय, इथं कामाला आलेल्या प्रत्येकानं आपापल्या भाषेत जगाला बोलवायचं. त्याचं शूटिंग चौकात मोठ्या पडद्यावर लावणार हायेत. मराठीत बोलावणारी मी एकटीच."

"मंग बोलव की."

"मला कुठं येतं? आईला येतं. तिचं शूटिंग करून पाठव."

मी त्याच संध्याकाळी काकूकडे गेलो. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"बिलकुल न्हाई. लेकरांचे खेळ हायेत, घसरायचे, पडायचे. माझ्या तोंडून आवतन गेलं आन् कोणाचं हातपाय मोडलं तर? उषाबाईंना सांग."

"काकू, तिथं कोणी विचारत न्हाई गं, नवरा हाय का न्हाई."

"तिथं न्हाई विचारत. पण मला तर माहीत हाय ना."

मी चिडून उठलो. जायच्या आधी, केवळ राग म्हणून, आकांक्षानं पाठवलेली बर्फावरच्या उड्यांची एक चित्रफीत तिच्यापुढे धरली. म्हटलं, निदान बघ तरी कशाला नाही म्हणतेस.

एक पोरगी होती, असेल वीसेक वर्षांची. पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगराच्या माथ्यावर एका दांडीवर बसलेली. खाली सरळ उतरण, आणि उतरणीच्या शेवटी काहीच नाही. पोरीनं दांडी सोडली, सुसाट खाली आली आणि जिथं काहीच नव्हतं तिथून तिनं स्वतःला सोडून दिलं. अंग पुढं टाकून ती हवेत तरंगत राहिली, इतका वेळ की मला वाटलं मोबाईल अडकला. मग खाली, पार खाली, बर्फावर अलगद टेकली.

काकूच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"पुन्यांदा लाव," ती म्हणाली. मी लावली. तिनं तिसऱ्यांदा लावायला सांगितली. शेवटी तिनं विचारलं, "हिची माय कुठं असती तवा?"

"खाली उभी असेल, बघत."

"आन् तिला सोडती?"

"सोडतेच की."

काकूनं पदर सारखा केला.

"एवढी एवढी पोर डोंगरावरून सोताला सोडून देती, तिची माय बघती," ती म्हणाली, "आन् मी माझ्या उंबऱ्यावरून बोलायला भिऊन राह्यले. घे शूटिंग. पण ताट न्हाई घेणार. नुसते हात जोडीन."

मला वाटलं, झालं, पाच मिनिटांचं काम. पण तिनं विचारलं, "कोणाकोणाला सांगायचं?"

"सगळ्या जगाला."

"म्हंजे कोणाला? नावं सांग."

तिथून पुढे आठवडाभर आमच्या कापसाच्या रानात जे चाललं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. बायका ओळीनं पाती धरून कापूस वेचायच्या, आणि बांधावर ठेवलेल्या फोनवरून आकांक्षा सुट्टीच्या वेळात देशांची नावं सांगायची. काकू ती मागून म्हणायची, आणि तिच्या मागून सगळ्या जणी. नॉर्वे. फिनलंड. कझाकस्तान. स्लोव्हेनियाला आधी सगळ्या हसल्या, दोन दिवसांनी तो त्यांच्या जिभेवर परतूर-जाफराबादसारखा फिरू लागला. एकदा आकांक्षानं सांगितलं की अमुक अमुक देश येत नाहीत, त्यांच्याकडे बर्फच पडत नाही.

"आपल्याकडं कुठं पडतं?" काकू म्हणाली. "येणं न येणं त्यांचं. न बोलावलेलं घर रुसतं."

मग तिनं विचारलं की कोणाकोणाचं आपसात जमत नाही. लढाया कुठं चालू आहेत हे आकांक्षानं सांगितलं. इतकी घरं भांडून बसली असतील हे काकूच्या ध्यानीमनी नव्हतं. पण तिनं त्या सगळ्या देशांची नावं नीट लांब लांब लावली, दोघांच्या मधे एकेक शांत घर घालून. मला हसू आलं खरं, पण ऊरही भरून आला. ज्यांना कोणी एका पंगतीत बसवू शकत नाही त्यांच्यासाठी हसनाबादची एक बाई कापूस वेचता वेचता जागा लावत होती.

शूटिंग सकाळी केलं. काकू नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभी राहिली. समोर फक्त मी आणि माझा मोबाईल, तरी तिनं दोनदा घसा साफ केला. मग तो आवाज निघाला. तीन वर्षांत गल्लीनं तो ऐकला नव्हता. शेजारच्या ओट्यावर बायका येऊन उभ्या राहिल्या. एकेका देशाला हाक मारून झाल्यावर ती म्हणाली, "बर्फावरचे खेळ हायेत, पाहायला या. लेकरंबाळं घेऊन या. लई थंडी हाय, अंगभर घालून या. जेवायचं मला म्हाईत न्हाई, म्हणून चूलबंद म्हणत न्हाई. पण माझी आकांक्षा हाय तिथं. उपाशी कोणी जाऊ नका, तिला भाकर मागा."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी ते चौकात दाखवणार होते. माझा धाकटा भाऊ पप्पूचं लग्न ठरलेलं, त्यामुळे घरात बायकांचा राबता होताच. मी आकांक्षाचा व्हिडिओ कॉल आमच्या टीव्हीला जोडून दिला. खोली भरली. काकू दाराजवळ भिंतीला टेकून बसली.

पडद्यावर ते गाव आलं आणि खोलीतली कुजबुज थांबली. चहूबाजूंनी डोंगर, इतके उंच की आकाश उरलंच नव्हतं. आणि बर्फ पडत होता. आवाज न करता, कोणाचीही घाई नसल्यासारखा. शेजारच्या संपतची बायको म्हणाली, "कापूसच की गं माय." काकू तिथूनच म्हणाली, "कापूस असता तर कोणाला तरी वेचावा लागला असता. हा नुसताच येऊन राह्यला."

चौकात शेदोनशे माणसं उभी होती. तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या, तऱ्हेतऱ्हेचे रंग. कामाला आलेली, फिरायला आलेली, सरावाला आलेली खेळाडू पोरं. मोठ्या पडद्यावर एकेक जण आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलून जात होता, लोक टाळ्या वाजवत होते. मग आमचा उंबरा आला. इटलीच्या डोंगरात, दोन मजली घराएवढा आमच्या गल्लीतला उंबरा, आणि त्यात हात जोडून उभी असलेली काकू.

तिची भाषा तिथं कोणालाच येत नव्हती. पण आपल्या घराचं नाव कोणाला कळत नाही? काकूनं "जपान" म्हटलं आणि गर्दीतून एका पोरीनं हात वर केला. "नॉर्वे" म्हटलं, चौघंपाच जण एकदम ओरडले. "नेपाळ" म्हटलं तर हॉटेलाच्या दारातून पांढऱ्या टोपीतला एक स्वयंपाकी धावत बाहेर आला. मग लोक कान देऊन ऐकू लागले. चौक इतका शांत झाला की फक्त तिचा आवाज, आणि प्रत्येक नावामागून कुठून तरी एक उत्तर. जिथं उत्तर आलं नाही तिथं आजूबाजूचे लोक वळून बघत, कोणी आहे का म्हणून. दूरवरच्या एका देशाचं नाव आलं, तेव्हा एकटी उभी असलेली एक म्हातारी रडायलाच लागली आणि शेजारच्या अनोळखी माणसानं तिला धरलं. ती दोघं कुठली कुठली, मला ठाऊक नाही.

आणि आमच्या खोलीत काकू उभी राहिली होती. उत्तर आलं की हात जोडायचे, ही तिची सवय. जपानला तिनं हात जोडले, नेपाळला जोडले, त्या म्हातारीला जोडले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायची सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी पप्पूच्या लग्नाचं आवतन निघायचं होतं. आई ताट भरत होती. काकू आत आली आणि सरळ ताटासमोर उभी राहिली.

"बाई, पप्पूचं आवतन मी देणार."

आईचा हात थांबला. "माझ्या पोराचं लग्न हाय, दैवशाला," ती हळू आवाजात म्हणाली. माझी आई दुष्ट नाही. ती घाबरली होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"म्हणूनच," काकू म्हणाली. "मी त्याला न्हाऊमाखू घातलंय. एक घर सुटू देणार न्हाई."

आईनं ताट दिलं, पण निघणाऱ्या बाईला आधी कुंकू लावतात ते तिनं लावलं नाही. नुसतं ताट पुढे केलं आणि स्वतःही मागून निघाली, लक्ष ठेवायला. पत्रिकांची पिशवी घेऊन मी त्यांच्या मागे.

पहिलं घर काकूनं वसंताचं घेतलं, जे आमच्याशी बोलत नव्हते. तिनं दारातून आवाज दिला, आधी खाटेवरच्या म्हातारीचं नाव घेऊन, मग सुनांची. म्हातारी भिंत धरत धरत उंबऱ्याशी आली. डोळ्यांनी तिला कमीच दिसतं, पण आवाज तिनं ओळखला. "आलीस का गं? किती दिसांनी," म्हणाली आणि कपाळ पुढे केलं. काकूनं तिला हळद लावली, कुंकू लावलं. आवतन देणारीला उलट कुंकू लावायचं असतं. म्हातारीनं जन्मभराच्या सवयीनं ताटात बोट बुडवलं, काकूचं कपाळ चाचपून शोधलं आणि कुंकू लावलं.

सुना जागच्या जागी थिजल्या. काकू मागे सरली नाही. मी आईकडे बघायला घाबरत होतो.

म्हातारी म्हणाली, "येतो गं बाई, समदे येतो."

आई वळली, आमच्या दोघांच्या पुढे चालत पुढच्या घरी, राजानंदच्या दारापाशी गेली, कडी वाजवली आणि मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाली, "कुंकू घेऊन भाईर या. दैवशाला आवतन द्यायला आलीय."