डाव्या कानातले खडक

नवशाची होडी दोन वर्षं झाली, समुद्रातच आहे.

नवशा विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावर राहतो. पन्नाशीचा गडी, पावसावरचं थोडं भात, थोडी नागली. पस्तिशीत डोळे गेले. खरा समुद्र त्याने कधी पाहिला नाही आणि आता पाहायचा प्रश्न नाही. गेल्या जानेवारीत त्याचा फोन आला. जोहार झाला आणि म्हणाला, "दादा, माजी होडी आजून तितंच हाय. बाई काय बोलली का?"

"नाही रे."

"बायको पारू हसते मला. बोलते, घरात बसून बुडशील. पन मी रोज जातो, जरा ऐकतो. किनारा वाजतो लांब. जवळ येत नाय."

ही होडी मोबाइलमधल्या एका गेममधली. आमच्यासारख्या न दिसणाऱ्यांसाठी बनवलेला, नुसत्या आवाजावर खेळायचा गेम. इअरफोन कानात घालायचे. बोट डावीकडे सरकवलं की होडी डावीकडे, उजवीकडे सरकवलं की उजवीकडे. लाट कोणत्या कानात फुटते, इंजिन कुठून वाजतं, त्यावरून रस्ता काढायचा. गेमचं नाव 'दांडी'. बनवणारी भाग्यश्री तामोरे, तारापूर किनाऱ्यावरच्या दांडी गावचीच, आणि तीही जन्मापासून आंधळी. कागदावर आम्ही दिव्यांग आहोत. मी आंधळा म्हणतो. ज्याला टोचतं त्याने कान झाकावेत.

गेम अर्धा आहे. होडी बंदरातून निघते, खाडीच्या तोंडाचे खडक चुकवते, खोल पाण्यात जाते, जाळं टाकते. परत यायचा टप्पा भाग्यश्रीने केलाच नाही. शेकडो माणसं तिथे बाहेर आहेत. का केला नाही यावर लोक वाटेल ते बोलले. मला ठाऊक होतं, आणि मी चौदा महिने तोंड उघडलं नाही.

भाग्यश्री पालघरला एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. हल्ली साहेबलोक एकमेकांना मोबाइलवरच गाठतात, त्यामुळे तिचा बोर्ड दिवसभर गप्प. त्या गप्प बोर्डापुढे बसून ही बाई प्रोग्रॅमिंग शिकली. लॅपटॉप एकेक ओळ मोठ्याने वाचतो, ती ऐकते, पुढची लिहिते. एक स्वल्पविराम राहिला तर शेकडो ओळी पुन्हा कानाने चाचपायच्या. कोणी शिकवलं नाही, कोणी विचारलंही नाही.

तिच्या लहानपणी बाप दिनानाथ मासेमारीला जायचा. बायका होडीवर जात नाहीत, त्यात ही आंधळी, म्हणजे विषयच संपला. ती बंदरावर उभी राहायची. सगळ्या होड्यांची इंजिनं तिला माणसांच्या खोकल्यासारखी वेगवेगळी ऐकू यायची. होडी लांब असतानाच ती म्हणायची, "आली." मग आई रखमा टोपली उचलायची. डोळे असलेल्या बायका हिच्या तोंडाकडे कान लावून बसायच्या. घरात तिचं काम काय, तर हे. आणि ते तिच्याशिवाय कोणाला जमत नव्हतं.

गेममधलं जाणं तिने बापाला विचारून विचारून बनवलं. परत येणं मात्र तिचं स्वतःचं होतं. बर्फ फोडायचं मशीन, मासे मोजणाऱ्या बायकांची भांडणं, वाळूवर होडी टेकताना येणारी घसर, सगळं मोबाइलवर टिपून ठेवलेलं. ताटातला आवडीचा तुकडा माणूस शेवटाला ठेवतो, तसा तिने तो टप्पा ठेवला होता.

आता माझं. मी धर्मेश, बेटेगावचा. बोईसर स्टेशनबाहेर माझी वेफर-बिस्किटाची टपरी आहे. शाळा सातवीपर्यंत. बाकीचं शिक्षण सरकारी बाकांवर बसून झालं. सर्टिफिकेट अडलं, एसटीचा पास अडला, की लोक मला फोन करतात. मी आधी निवेदन देतो, मग स्मरणपत्र, मग साहेबाच्या दारात ठिय्या. ढोसल्याशिवाय कोणी हलत नाही हे मी अनुभवाने शिकलोय आणि त्याचा मला अभिमान आहे.

'दांडी' आला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप मीच काढला. पहिल्या आठवड्यात चाळीस माणसं, वर्ष व्हायच्या आत सातशे. नागपूरपासून सिंधुदुर्गापर्यंत. सुरुवातीला नुसते आशीर्वाद. कोणी म्हणे, बाई, आयुष्यात पहिल्यांदा भावाला कशात तरी हरवलं. मग हळूहळू, बाई, माझ्या फोनवर आवाज फाटतो. बाई, आमच्याकडची बोली टाका. बाई, परदेशातल्या गेममध्ये वादळ येतं, तुमच्यात का नाही. बाई, दोन दिवस झाले, उत्तर नाही. ती डबा खाताना व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकायची आणि प्रत्येकाला उत्तर द्यायची. प्रत्येकाला, हे मुद्दाम लिहितो.

एकदा कंटाळून म्हणाली, "नारळी पौर्णिमेला परतीचा टप्पा देते."

झालं. मला तारीख मिळाली. तारीख हातात आली की माझ्यातला आंदोलक झोपत नाही. दर सोमवारी सकाळी मी ग्रुपवर बोलायचो, "स्मरणपत्र क्रमांक तीन. स्मरणपत्र क्रमांक चार." लोक टाळ्यांची चित्रं टाकायचे. कचेरीला लावायचा नियम मी त्या एकट्या बाईला लावला, आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नाही.

मला स्वतःला अजून खडकच पार करता येत नव्हते. हे मी कोणाला सांगत नव्हतो. नवशा गेला, पालघरची समिधा गेली, आणि ग्रुप काढणारा मी दर वेळी आपटतोय. उजव्या कानात लाट फुटायची, मी डावीकडे वळवायचो, आणि धाडकन खडक. पन्नास वेळा झाल्यावर माझी खात्री पटली की गेमच चुकीचा आहे. पौर्णिमेला तीन आठवडे राहिले असताना मी ग्रुपवर जाहीर केलं की खडकांचा आवाज उलट्या कानात येतो, आधी ही चूक सुधारा.

भाग्यश्रीचा फोन आला. "दादा, मी तपासलं. बरोबर येतं. तुमी जरा दुसरे इअरफोन लावून बघता का?"

"म्हणजे माझ्या कानात दोष?"

"तसं नाय बोलली मी."

"बेचाळीस वर्षं मी कानावर जगतोय, भाग्यश्री. डावं-उजवं आता तू शिकवणार मला?"

समिधा ग्रुपवर म्हणाली, "दादा, माझ्याकडे तर नीट येतं." मी तिलाही गप्प केलं. आणि गंमत ऐका, दोन दिवसांत आणखी तीसजणांना तीच चूक ऐकू यायला लागली. आदल्या महिन्यात खडक सहज पार केलेली माणसं. दादा म्हणतात म्हणजे असणारच.

भाग्यश्री वीस दिवस ती चूक शोधत होती. परतीचा टप्पा तसाच राहिला. पौर्णिमेच्या सकाळी काहीच आलं नाही, तेव्हा मी टपरीवर बसून एक वाक्य रेकॉर्ड केलं: "दांडीच्या बाईंनी दांडी मारली." मला ते फार आवडलं होतं. लोकांनाही आवडलं. कोणी त्याला ढोलकी लावली आणि ते दुसऱ्या ग्रुपांत फिरलं. संध्याकाळी भाग्यश्रीने लिहिलं, "चूक सापडली नाही. माफ करा." आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली.

दिवाळीच्या तोंडावर माझ्या इअरफोनची वायर पुन्हा तुटली. ती 'दांडी' यायच्या थोडं आधी एकदा तुटली होती, तेव्हा स्टेशनसमोरच्या चिरागने जोडून दिली होती. त्याच्याकडेच परत गेलो. त्याने उघडली आणि हसायला लागला.

"धर्मेशभाई, ये तो उल्टा लगा है. लाल इधर, हरा उधर. मैंने ही जल्दी में लगाया होगा."

"उलटं म्हणजे?"

"लेफ्ट का राइट में, राइट का लेफ्ट में. गाना सुनने को क्या फर्क पडता है."

त्याने दोन मिनिटांत सरळ करून दिलं. मी टपरीवर आलो. शेजारचा रिक्षावाला विचारत होता, बरं नाही का. साहेबाची चूक निघाली की मी चौकात माईक लावून सांगतो. माझी निघाली तेव्हा मी इअरफोन गल्ल्याखालच्या डब्यात टाकले आणि झाकण लावलं. त्यानंतर गेम उघडला नाही. लोक म्हणायचे, बाईला गर्व झाला, बाईला कोणी विकत घेतलं. मी ऐकायचो आणि बिस्किटाचे पुडे लावत बसायचो.

मग नवशाचा फोन. तो तक्रार करत नव्हता. केली असती तर मी भांडलो असतो. त्याला फक्त घरी यायचं होतं.

दुसऱ्या रविवारी बोईसरहून इको गाडी पकडून दांडीला गेलो. सुक्या मासळीच्या वासावरून आणि दोघांना विचारून घर सापडलं. रखमा मावशी मासळी सुकवायच्या वलांडीवर बोंबील टांगत होती. बांबूंची करकर आणि तिचं पुटपुटणं एकत्र ऐकू येत होतं.

"रखमा मावशी का?"

"हां. तुमी कोन?"

"धर्मेश. बेटेगावचा."

करकर थांबली. "तो ढोलकीवाला?"

"ढोलकी माझी नव्हती, मावशी. वाक्य माझं होतं."

"मग बसा. खाटेवर बसा, नायतर बोलाल दांडीवाल्यांनी उभं ठेवलं." तिने आत हाक मारली. मग माझ्याकडे वळून, आवाज न उतरवता म्हणाली, "पयले ही सांगायची आली, की मी टोपली उचलायची. आता दर्पण जातो होडीवर, हिचा भाऊ. त्याची होडी वाळूला टेकते, तरी ही गप. इचारलं तर बोलते, नक्की नाय. काय केलं तुमी माज्या पोरीच्या कानाला?"

भाग्यश्री आली. चप्पल घासत, सावकाश. मी आदल्या रात्री भाषण तयार केलं होतं, ते विसरलो. पिशवीतून इअरफोन काढून तिच्या हातात दिले आणि चिराग काय म्हणाला ते सांगितलं. कधी म्हणाला तेही.

तिच्या बोटांखाली वायर सळसळत राहिली. जोड लागला असावा तिथे सळसळ थांबली.

"दोन दिवाळ्या झाल्या मधे," ती म्हणाली.

"हो."

"दादा, त्या वीस दिवसांत मी रोज सकाळी बंदरावर उभी राहायची. खडक कुठल्या हाताला, ते खरं ऐकायला. पयले पाच दिवस बरोबर यायचं. मग मला वाटायला लागलं, एवढे लोक बोलतात, मीच उलटी उभी असेन. मग मी आयशीला इचारलं, माजा उजवा हात कंचा." ती जराशी हसली. "आयशीला वाटलं, पोरीला लागीर झाली."

मी बोलायला गेलो, तिने थांबवलं.

"आता कुठलाबी आवाज आला की मी तो तपासते. नुसता ऐकत नाय. परतीचं सगळं रेकॉर्डिंग हाय माज्याकडे. लावलं की वाटतं, हे तरी बरोबर हाय का."

"मी ग्रुपवर सांगतो. आत्ता, तुझ्यासमोर."

"माज्यासमोर नको. तितं जाऊन सांगा, जितं बोलला होता. आनि मला परत घेऊ नका ग्रुपात. मी येणार नाय."

"आणि टप्पा?"

"बघा, परत स्मरणपत्र."

मावशी फिसकन हसली. मला राग आला, पण तो गिळला. तेवढ्यात खाडीच्या बाजूने एक इंजिन वाजायला लागलं. फार लांब, डासासारखं. मावशीने बोंबील खाली ठेवले. "काय गो, कोनाची?"

भाग्यश्री चप्पल घासत दोन पावलं पुढे गेली. इंजिन जवळ येत राहिलं. मी मान खाली घालून बसलो होतो, मला तर ते कुठून येतंय तेही सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "आपली नाय."

मावशीने टोपलीला हात लावला नाही. पुन्हा बांबूंची करकर सुरू झाली. मला निघताना चार सुके बोंबील कागदात बांधून मिळाले आणि इअरफोनही परत मिळाले.

बोईसरला उतरल्याबरोबर, स्टेशनच्या गोंगाटातच, मी ग्रुपवर चार मिनिटं बोललो. इअरफोन, चिराग, तारीख, माझं गप्प बसणं, सगळं. लोकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. ते मला लागू होतं. समिधाने फक्त "मी सांगितलं होतं" एवढंच लिहिलं. ज्यांना माझ्याबरोबर चूक ऐकू आली होती त्या तीसजणांपैकी एकही बोलला नाही.

सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा इअरफोन लावून गेम उघडला. होडी निघाली. खाडीचं तोंड आलं आणि लाट डाव्या कानात फुटली. मी बोट उजवीकडे सरकवलं. लाट बाजूने गेली, मागे पडली, आणि मग पाणी एकदम मोठं झालं. वारा दोन्ही कानांत सारखा. इंजिन मंद झालं. आणि पाठीमागे, अगदी बारीक, बर्फ फोडायच्या मशीनचा आवाज होता. तो तिथे आहे हे नवशा मला किती वेळा सांगत होता.

बोट खाली ओढून होडी वळवली. किनाऱ्याकडे निघालो. बराच वेळ निघालो. आवाज तेवढाच राहिला.

मी नवशाला फोन लावला. "आलो रे बाहेर."

"आलात?" त्याला खरंच आनंद झाला. "मशीन ऐकू येतं ना?"

"येतं."

"मग बसा. मी पन हाय हितंच."