दादाची बदललेली गोळी

माझ्या पीएचडीचं काम कुणी विचारलं की मी अजूनही अडखळते. एखादं औषध हृदयाच्या विजेवर काय परिणाम करतं, ते कम्प्युटरवर गणितानं मांडायचं, एवढंच ते काम. हृदयाच्या पेशीत दर ठोक्याला वीज चढते आणि उतरते. उतरण्यासाठी पेशीतलं पोटॅशियम बाहेर जावं लागतं, आणि त्यासाठी पेशीला बारीक दारं असतात. काही औषधं ती दारं अडवतात. मग वीज उतरायला वेळ लागतो, आणि त्यातच पुढचा ठोका येऊन पडला तर ठेका मोडू शकतो. माणूस उभ्या उभ्या कोसळू शकतो. पडद्यावर मात्र यातलं काही दिसत नाही, टेकडीसारखी एक रेघ दिसते.

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, पेंटर. दुकानांचे बोर्ड, नंबरप्लेटा, जयंतीचे बॅनर. अक्षर असं की आमच्या गारखेड्यातले लोक फ्लेक्स आल्यावरही त्याच्याकडे यायचे. मी शाळेत होते तेव्हा त्याला आवाज ऐकू यायला लागले. आपल्याबद्दल कुणीतरी भिंतीपलीकडून बोलतंय, असं तो सांगायचा. वडील असल्या गोष्टी मानणारे नव्हते, पण मायच्या हट्टापायी खुलताबादला दर्ग्यावर एक चक्कर झाली, आणि मग सरकारी दवाखाना. तिथल्या गोळ्यांनी आवाज कमी झाले, पण हात थरथरायला लागला. ब्रश टेकवला की रेघ नागमोडी. दादानं ब्रश आणि रंगाचे डबे माळ्यावर टाकले आणि सात वर्षं तो खाटेवर बसून राहिला. त्या वर्षांत वडील गेले.

पुढं मानसोपचाराच्या एका नव्या डॉक्टरांनी गोळी बदलली. तीनेक महिन्यांनी एके सकाळी दादानं मायला विचारलं, "माझे ब्रश कुठंयत?" तिनं लगेच ते माळ्यावरून काढले आणि रॉकेलमध्ये भिजत घातले. आठवडाभरात त्यानं आमच्याच दारावर आडनाव रंगवलं, लाल अक्षराला काळी शेड देऊन. हात हलला नव्हता. त्यानंतरची दीड वर्षं आमच्या घरातली सगळ्यात चांगली. शेवटी शेवटी त्याला कन्नड तालुक्यातल्या एका शाळेचं काम मिळालं, भिंतीवर संविधानाची प्रस्तावना लिहायचं. तो सकाळच्या एसटीनं जायचा आणि संध्याकाळी रंगाच्या वासासकट परत यायचा.

त्याच दिवसांत माझ्या गाइडनी मला औषधांची यादी दिली. कुठलं औषध ती दारं किती अडवतं, ते आमच्या मॉडेलमधून तपासायचं होतं. यादीत दादाची गोळी होती. तिचं नाव मला पाठ होतं, मेडिकलमधून मीच आणायचे. मी आकडे भरले. रेघेचा उतार लांबला. मग आम्ही कम्प्युटरवर बनवलेल्या निरनिराळ्या शेकडो हृदयांवर तेच औषध चालवलं. बहुतेकांना काही झालं नाही. काही मोजक्यांचा ठेका मात्र मोडला.

मी आठ दिवस घरी काही बोलले नाही. पण आदल्याच महिन्यात दादा त्या शाळेत शिडीच्या खालच्या पायरीवरून चक्कर येऊन पडला होता. सकाळपासून जेवलो नव्हतो, असं त्यानं सांगितलं होतं आणि आम्ही विसरूनही गेलो होतो. आता मला दुसरं काही सुचेना. शेवटी मी माय आणि दादासमोर सगळं सांगितलं, त्या मोजक्या हृदयांसकट.

ईसीजी काढला. डॉक्टरांनी पट्टी दोनदा मोजली. वीज उतरायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ लागत होता. रक्ताच्या तपासणीत दुसरं काही कारण निघालं नाही. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, असं त्यांनी विचारलं. माय म्हणाली, ह्याचा चुलता गेला, तिशीत, शेतातच. डॉक्टर भले होते. चक्कर उपाशीपोटीचीही असेल, पण एवढं सगळं एकत्र आल्यावर ही गोळी चालू ठेवायची माझी तयारी नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं.

दादाला ते पटलं नाही. घरी आल्यावर त्यानं मला समोर बसवलं.

"तुझ्या कम्प्युटरात माझं काळीज हाय का?"

"नाही. तसं कुणा एकाचं नसतं."

"मग मी त्या मोजक्यातला हाय का नाय, ते कसं कळंल?"

"नाही कळत."

"आणि हात? त्याचं गणित हाय का तुझ्याकडं?"

मायनं पदर डोळ्यांना लावला. मग मी म्हणाले, दादा, बदल गोळी. तो स्वतःच्या तळहाताकडं बघत होता. "तू शिकलेली हायेस," तो म्हणाला, "तू म्हणतीस म्हणून."

हळूहळू जुनी बंद झाली आणि नवी सुरू झाली. पुढच्या ईसीजीत सगळं जागच्या जागी आलं. महिन्याभरात हात थरथरायला लागला. कन्नडच्या शाळेत तो प्रस्तावना पुरी करायला गेला आणि दुपारीच परतला. मुख्याध्यापक रागावले नाहीत. उरलेला मजकूर त्यांनी फ्लेक्सवर छापून घेतला. मग आवाज परत आले. डॉक्टरांनी आणखी दोन औषधं बदलून पाहिली. एकानं तो दिवसभर झोपायचा, दुसऱ्यानं काहीच फरक पडला नाही. दादानं जुनी गोळी मागितली, रडून मागितली. डॉक्टर म्हणाले, धोका माहीत असताना मी ती लिहून देऊ शकत नाही. नंतर त्यानं मागणं सोडलं.

मी प्रबंध पुरा केला. तोंडी परीक्षेत बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं की या कामाचा प्रत्यक्ष रुग्णाला काय उपयोग. मी पाठ केलेलं उत्तर दिलं, धोका आधी ओळखता येतो. त्यांना ते आवडलं. मधे मी दादाच्या ईसीजीच्या पट्ट्यांवरून त्याच्यापुरतं मॉडेल बसवायचा प्रयत्न करून पाहिला. त्याची पेशी कशी आहे हे पट्टीवरून ठरत नाही. वेगवेगळी दहा हृदयं त्याच पट्टीत बसत होती. काही टिकली, काही मोडली. मी ती फाइल काढून टाकली.

मायनं मला एकदाच विचारलं, तेही भाकरी थापता थापता. "तू बोलली नसतीस तर?"

"तर कदाचित तो गेला असता."

"आणि कदाचित नसता?"

मी पिठाची परात तिच्याकडं सरकवली. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

आता मी एका कॉलेजात शिकवते. दादा खाटेवर असतो, भिंतीकडं तोंड करून. कधी हसतो, कधी कुणाला तरी शिव्या देतो. दर सहा महिन्यांनी मी त्याला ईसीजीला घेऊन जाते. गेल्या खेपेला तिथल्या बाईंनी पट्टी फाडून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, एकदम छान आहे, काळजी करू नका. रिक्षात दादा अचानक स्वच्छ आवाजात बोलला, पूर्वी बोलायचा तसा.

"किती वर्षं चालंल हे?"

तो काळजाबद्दल विचारत होता की बाकी सगळ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

"लई वर्षं चालंल, दादा," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.