सहा माणसांचे चीफ

त्या वर्षी आम्ही सिंगापुरात, तोआ पायोहच्या एका फ्लॅटमधल्या एका खोलीत राहत होतो. फ्लॅट एका चिनी आजीबाईंचा. त्यांच्या अटी दोनच: स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकायचा आणि फोडणी खिडकी उघडून द्यायची. नवऱ्याची शिपयार्डातली नोकरी पाच महिन्यांत गेली. तिथे नोकरीबरोबर राहण्याचा पास जातो, आणि पास गेला की सगळ्या घराने बॅगा भरायच्या. नवऱ्याने मिळेल ते जहाज धरलं आणि तो समुद्रावर गेला. मला आणि सहा वर्षांच्या मुलीला राहायचं असेल तर मला माझी नोकरी आणि माझा पास पाहिजे होता. माझे वडील कोल्हापूरला गुळाच्या बाजारात हमाल, आई खानावळीत भाकरी थापायची. आमच्या अख्ख्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. ते सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फायलीत घालून मी किती ऑफिसांच्या पायऱ्या चढले, ते आता आठवतही नाही. सगळीकडे लोक ते बघायचे, छान म्हणायचे आणि परत द्यायचे.

मग चीफ भेटले.

चीफ म्हणजे मालवाहू जहाजांवरचे निवृत्त चीफ इंजिनिअर. मूळचे हर्णैचे. सव्वीस वर्षं समुद्रावर काढून सिंगापुरात उतरले आणि इथलेच झाले. पाया लेबारजवळ एका औद्योगिक वसाहतीत नऊ छोटे कारखाने आणि गोदामं होती. रंग, थिनर, फोम, म्हणजे काडी ओढायचा अवकाश. त्या नऊ जणांनी मिळून एक अर्धवेळ अग्निशमन पथक ठेवलं होतं. पथकातली माणसं पगारी आगवाले नव्हेत. कुणी फोर्कलिफ्ट चालवणारा, कुणी रंग मिसळणारा, कुणी सुतार. आपापलं काम करायचं आणि पाळीच्या दिवशी कमरेला वॉकी-टॉकी लावून तयार राहायचं. या पथकाचे प्रमुख चीफ. थिनरच्या गोदामात कारकुनाची जागा आहे, हे त्यांनीच मला सांगितलं आणि मालक लिमसाहेबांकडे घेऊन गेले. वर एक काम जोडलं: पथकाचं रजिस्टर मी ठेवायचं. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "काय गं बी.एस्सी.," म्हणत. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

पथकात नवा माणूस घ्यायचा तर चीफ त्याला पळायला लावत नसत, वजन उचलायला लावत नसत. पहिला प्रश्न एकच: "घरी जेवायला किती वाजता बसता?" माणूस गोंधळायचा. मीही गोंधळले. मी विचारलं, "काका, आगीचा आणि जेवणाचा काय संबंध ओ?"

"आगीला घाबरून अजून एकही माणूस सोडून गेलेला नाही," ते म्हणाले. "जातात ते घरच्या ताटामुळे. बोटीवर आग लागली की सगळे थांबतात, कारण पळायला जागा नसते. इथे बस स्टॉप दोन मिनिटांवर आहे."

दर मंगळवारी काम सुटल्यावर साडेपाचला सराव असे आणि साडेसहाला संपे. संपे म्हणजे संपेच. होस पाइप अर्धा गुंडाळलेला असला तरी चीफ सगळ्यांना हाकलून देत आणि उरलेला पाइप एकटे गुंडाळत बसत. सत्तरीचा माणूस गुडघ्यावर बसून ओला पाइप ओढतोय हे मला बघवायचं नाही. मी एकदा मदतीला वाकले, तर म्हणाले, "तुझी मुलगी शेजारणीकडे बसलीय ना? मग तू इथे काय करतेस?"

त्यांचं पाळ्यांचं रोस्टर मात्र बघवत नव्हतं. वहीच्या पानावर पेन्सिलीने रेघा, खोडाखोड, बाण. आणि न्याय म्हणाल तर नावाला नाही. पथकात चीफ धरून सातजण. त्यातला रंग मिसळणारा आ सेंग कधीच शनिवारी नसायचा. फोर्कलिफ्टवाला हमीद गुरुवारी नसायचा. ड्रायव्हर सेल्वम सकाळच्या पाळीला नसायचा. सुतार आणि फोमच्या कारखान्यातले दोघे भाऊ कुठेही चालायचे, म्हणून त्यांच्या वाट्याला जास्त. सगळ्यात जास्त पाळ्या खुद्द चीफच्या. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, ज्याने तोंड उघडलं त्याचं ऐकतो.

अशात चीफच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. महिनाभर यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. जाताना वही माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "आहे तसं चालव." माझ्यातल्या बी.एस्सी.ला ते कुठलं पटायला. मी दोन दिवस बसून कॉम्प्युटरवर नवं रोस्टर केलं. प्रत्येकाला सारखे शनिवार, सारख्या सकाळी, सारखे गुरुवार. शुक्रवारी दुपारी हमीदला नमाजासाठी मोकळं ठेवलं, दिवाळीला सेल्वमला, चिनी नववर्षाला आ सेंगला. एवढा सगळ्यांचा विचार केला म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. लिमसाहेबांनी रंगीत प्रिंट काढून भिंतीवर लावलं आणि इथल्या पद्धतीने शेवटी 'लाह' जोडून म्हणाले, "व्हेरी फेअर लाह."

तीन आठवड्यांत तिघांनी नावं काढून घेतली. आधी आ सेंग, मग हमीद, मग सेल्वम. कारण विचारलं तर तिघांचं एकच: "जमत नाही." भांडण नाही, तक्रार नाही. आ सेंगने तर वॉकी-टॉकी पुसून, चार्ज करून माझ्या टेबलावर ठेवला. त्याच आठवड्यात सरकारी अग्निशमन खात्याचं पत्र आलं: पुढच्या महिन्यात कुठल्याही दिवशी तपासणी. कामाच्या वेळेत आवारात सहा प्रशिक्षित माणसं हजर सापडली नाहीत, तर ज्वालाग्राही माल ठेवायचा परवाना पुढे मिळणार नाही. परवाना नाही तर थिनर नाही. थिनर नाही तर गोदाम नाही, मी नाही, माझा पास नाही. त्या संध्याकाळी मुलगी शाळेतलं गाणं म्हणून दाखवत होती आणि माझं लक्ष कपाटावरच्या बॅगांकडे होतं.

चीफ काळा चष्मा लावून परत आले. डॉक्टरांनी आणखी दोन महिने धूर आणि वजन दोन्ही बंद केलं होतं, म्हणजे सहांच्या मोजणीत ते स्वतः धरायचे नव्हते. उरले तीन. ते माझ्यावर ओरडतील म्हणून मी तयारीत उभी होते. त्यांनी भिंतीवरचा रंगीत कागद चष्मा वर करून नीट वाचला.

"न्याय चांगला केलायस," म्हणाले. "आता न्यायाला होस पाइप धरायला सांग."

मी म्हटलं, "काका, मी प्रत्येकाला विचारलं होतं. कुणी काही सांगितलंच नाही."

"ऑफिसात माणूस 'जमत नाही' एवढंच सांगतो. का जमत नाही, ते घरी चहाबरोबर बाहेर येतं. चल, पपई घे दोन."

पपई ही चीफची जुनी पद्धत होती. कुणी पथक सोडलं की ते पपई घेऊन त्याच्या घरी जात, तासभर बसत आणि पथकाचा विषयही काढत नसत. आम्ही आधी हमीदकडे गेलो. त्याची बायको इस्पितळात सेविका होती. दर गुरुवारी तिची दुपारपासून ड्यूटी. त्या दिवशी तीन मुलांना आणायचं, जेवू घालायचं, सगळं हमीदकडे. मी शुक्रवार मोकळा ठेवला आणि गुरुवारी त्याला बांधून घातलं होतं. मी माफी मागितली तेव्हा तो हसून म्हणाला, "तू पहिलीच आहेस जिने माझ्या नमाजाची वेळ न विचारता बरोबर लिहिली. रागावणार कसा?"

आ सेंगचं घर आमच्याच तोआ पायोहमध्ये, दोन ब्लॉक सोडून. रोज खाण्याच्या गाळ्यांच्या ज्या हॉकर सेंटरमध्ये मी कॉफी पीत होते, त्याच्या वरच. दार उघडलं त्याच्या बायकोने. आत खुर्चीत त्याची म्हातारी आई. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. इतर दोन दिवस बायको न्यायची, पण शनिवारी ती दुकानात असल्यामुळे न्यायला आ सेंगच. चीफना हे चार वर्षांपासून माहीत होतं. त्यांच्या वहीत शनिवारच्या घरात फक्त एक फुली होती.

चीफ म्हातारीशी मोडक्या मलयमध्ये पपईच्या बियांबद्दल बोलत बसले. मी आ सेंगला म्हटलं, "माझी चूक झाली. शनिवार पुन्हा तुझा नाही. परत ये." तो काही बोलायच्या आत त्याची बायको बोलली. ती एवढा वेळ मला वरून खाली बघत होती.

"तू एअरकॉनमध्ये बसून दुसऱ्यांची नावं लिहितेस," ती म्हणाली. "स्वतःचं नाव लिही लाह. मग मी बघते."

मी म्हटलं, "माझी मुलगी लहान आहे. शेजारीण कामाच्या वेळेपुरती सांभाळते. दर मंगळवारी उशिरापर्यंत कुणाकडे ठेवू?"

"इथे. आई दिवसभर बसूनच असते. दोघी टीव्ही बघतील."

मी चीफकडे बघितलं. ते पपई कापण्यात फार गुंतले होते. आता वाटतं, त्यांना हे आधीच दिसलं असणार. पण त्यांनी ते कधी कबूल केलं नाही.

सेल्वमकडे पपई वाया गेली. त्याला तुआसला, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, खरोखरच चांगली नोकरी लागली होती. चीफनी त्याला आशीर्वाद दिला आणि खाली उतरताना म्हणाले, "जाणाऱ्याला ओढायचं नाही. ढकललेल्याला परत आणायचं." म्हणजे आता पाच झाले होते. सहावी मी.

प्रशिक्षण केंद्रात चार दिवस गेले. बूट दोन नंबर मोठे, हेल्मेट नाकावर येणारं. धुराच्या खोलीत गुडघ्यांवर रांगताना मला भीती वाटली, ती मी लपवत नाही. बाहेर आल्यावर खोकत खोकत रडले. मास्तरने विचारलं, "उद्या येणार?" मी म्हटलं, "येणार." भरलेला होस पाइप खांद्यावर घेतला तेव्हा मात्र मास्तर जरा बघत राहिला. वजन कुठे घ्यायचं आणि पाय कसा टाकायचा हे मला शिकवावं लागलं नाही. हमालाची लेक आहे मी. परीक्षेत पास झाले. चीफना कार्ड दाखवलं, तर म्हणाले, "बरं झालं. आता तुझ्याकडे दोन सर्टिफिकेटं झाली. हे उपयोगाचं."

तपासणी एका बुधवारी सकाळी आली. अधिकारी तरुण होता, हातात स्टॉपवॉच. त्याने न सांगता भोंगा वाजवला. मी बिल टाइप करत होते, तशीच उठून पळाले. बूट, कोट, हेल्मेट. आ सेंग पाइपाचं पुढचं तोंड, नोझल, धरून माझ्या आधीच उभा होता, हमीद पाइप उलगडत होता, सुतार आणि दोघे भाऊ गोदामाच्या मागच्या दाराने आले. मी नोझलवर दुसरी. पाणी आलं तेव्हा पाइपाने एक हिसका दिला आणि पुढून आ सेंग न बघता म्हणाला, "होल्ड, होल्ड." मी धरला. पाणी बरोबर जागी पडलं. अधिकाऱ्याने मोजलं, सहा. पुन्हा एकदा मोजलं.

मग त्याने रोस्टर मागितलं. चीफनी पेन्सिलीची वही पुढे केली. रंगीत कागद मी केव्हाच काढून टाकला होता. अधिकारी पानं उलटत राहिला.

"हे फार विषम आहे," तो म्हणाला. "यांना जास्त, त्यांना कमी. असं का?"

"कारण सगळे अजून इथे आहेत," चीफ म्हणाले.

तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग आमच्याकडे. आम्ही ओले, धापा टाकत उभे. त्याने सही केली.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर चीफ एका रिकाम्या पिंपावर बसले. मग म्हणाले, "कुणीतरी चहा आणा रे. आज रात्री झोपेन म्हणतो." तेव्हा मला कळलं, एवढे दिवस या माणसाला झोप लागली नसणार. मीच जाऊन चहा आणला, साखर जास्त घालून. त्या दुपारी मी फोनवर नवऱ्याला एवढंच सांगितलं, "राहतोय आम्ही." तो कुठल्या तरी बंदरात होता, आणि रडत होता हे मला ऐकू येत होतं.

त्यानंतर चीफ पावणेतीन वर्षं होते. मला त्यांनी कारणं शोधायला शिकवलं. कुणाच्या मुलाची प्राथमिक शाळेची मोठी परीक्षा कधी, कुणाच्या बायकोला कितवा महिना लागलाय, कुणाचा भाऊ जेलमधून सुटून घरी आलाय. हे सगळं वहीत लिहायचं नाही, डोक्यात ठेवायचं. वहीत फक्त फुली. माझ्याही नावापुढे एक फुली असायची, नवरा जहाजावरून घरी येणार असेल त्या आठवड्यात. मी ती कधी मागितली नव्हती.

चीफच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्यांमुळे दोघांनी हर्णैला परतायचं ठरवलं. विमानतळावर आ सेंग, हमीद, सगळे आले होते. आ सेंगची बायको पपई घेऊन आली होती, दोन, कागदात गुंडाळून. विमानात फळ चालतं की नाही यावर तिचा आणि काकूंचा, एकमेकींची भाषा येत नसताना, चांगलाच वाद झाला. चीफ मला बाजूला घेऊन म्हणाले, "नवा माणूस आला तर त्याच्या घरी आधी जा. मागाहून जायची वेळ आणू नकोस." मी वाकून नमस्कार केला. ते मागे वळून न बघता गेले. जहाजावरची सवय असावी.

ते गेले त्या दिवशी आमच्या पथकात अकरा माणसं होती. सेल्वमनंतर एकानेही पथक सोडलेलं नव्हतं. परवाना दर वर्षी मिळत होता. नवऱ्याला किनाऱ्यावरची नोकरी लागली होती आणि आम्ही तिघं तोआ पायोहमध्येच, स्वतःच्या स्वयंपाकघराच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. पथकाची प्रमुख म्हणून लिमसाहेबांनी माझं नाव पाठवलं आणि ते मंजूर झालं.