आत्याचा टेकू

ट्रॅक्टरवर चढण्याआधी आत्या चपला काढून मागच्या चाकाशी ठेवायची. बघणाऱ्याला वाटायचं, केवढी ही भक्ती. भक्ती कसली डोंबलाची! डिसेंबरच्या थंडीत गार पेडलवर उघडा पाय ठेवून ती, 'ळ'चा 'ल' करत, म्हणायची, "चपलेतनं क्लच कलतो काय? तलव्याला कललं पायजे."

ही माझ्या बाबांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर पळस्प्याजवळच्या आमच्या गावी आली ती कायमचीच, आणि भावाचा जुना ट्रॅक्टर तिने ताब्यात घेतला. शेतीत आता काही राम नाही, असं बाबांचं मत. आजूबाजूच्या शेतांत भराव टाकून ट्रक उभे राहायला लागले होते, आमचंही शेत त्यासाठी भाड्याने मागून एक जण गेला होता. आत्या आडवी आली. शेवटी बाबांनी सांगून टाकलं, की यंदा भातानंतर वाल पेरले गेले तर शेत राहील, पडीक राहिलं तर भराव. आत्या फक्त "बरा" म्हणाली.

त्या वर्षी पाऊस दिवाळी झाली तरी हटेना. भात उशिरा निघालं, ट्रॅक्टर तोवर पडवीत दमट हवेत उभा. मग एकदम थंडी पडली. आमच्याकडे वाल जमिनीतल्या ओलीवरच येतात, ती उडायच्या आत नांगरट व्हायला हवी होती. सकाळी आत्याने इंजिन चालू केलं, क्लच दाबला, गिअर टाकायला गेली तर नुसती करकर. क्लचची आतली प्लेट चिकटून बसली होती, इंजिन चाकांपासून सुटतच नव्हतं. कळंबोलीहून आलेला मेकॅनिक म्हणाला, ट्रॅक्टर मधोमध सोडवून खोलावा लागेल, आठवडा जाईल. बाबांना सुटल्यासारखं वाटलेलं चेहऱ्यावर दिसलं आणि मला त्यांचा रागच आला.

न खोलता काही होतं का, असं आत्याने मेकॅनिकलाच विचारलं. तो म्हणाला, इंजिन गरम करून गिअरमध्येच चालू करायचं आणि झटके देत राहायचं. कधी सुटते, कधी नाही सुटत. आत्याला तेवढं पुरे होतं. तिने इंजिन तापवून बंद केलं, गिअर टाकला आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. स्टार्टर मारताच ट्रॅक्टर हिसका देऊन शेतात निघाला.

डावा पाय क्लचवर गच्च दाबून ती भाताच्या खुंटांतून फेऱ्या मारत राहिली, मधूनच उजव्या पायाने ब्रेक दाबत. ट्रॅक्टर अडखळायचा, की पुन्हा पुढे. ऊन डोक्यावर आलं. मेकॅनिक म्हणाला, मावशी, राहू द्या. बाबांनीही हाक मारली. इंजिन बंद करून ती पाणी प्यायली, पोटरी चोळली.

"पाय थकलाय, मी नाय," ती म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली.

अखेर एका झटक्याला ट्रॅक्टर जागीच थांबला आणि इंजिन मात्र चालूच राहिलं. प्लेट सुटली होती. मेकॅनिकने तोंडात बोट घातलं. आत्याने बाबांना नांगर जोडायला सांगितला, आणि बाबांनी मुकाट्याने जोडला. शेंगा भरल्यावर त्याच शेताच्या बांधावर आम्ही पोपटी लावली, मडक्यात शेंगा भरून भोवती जाळ केला. सगळ्यात जास्त वाल बाबांनीच खाल्ले. भराव त्या वर्षापुरता टळला.

पेडल दाबलेलं राहिलं की प्लेट चिकटत नाही, असं मेकॅनिकने जाताना सांगितलं होतं. आत्याने सीट आणि पेडल यांच्यामध्ये अडकेल असं सागाचं दांडकं तासून घेतलं. ट्रॅक्टर जास्त दिवस उभा राहणार असला, की हा टेकू लावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा दारात उभी, आणि ही "आलेच" म्हणून मागच्या पडवीकडे. मी वैतागले, ट्रॅक्टर काय पळून जातोय का म्हणाले. ती पदराला हात पुसत आली आणि रिक्षात बसली. पनवेलच्या हॉस्पिटलातून ती परत आली नाही.

थंडी पडल्यावर बाबा म्हणाले, ट्रॅक्टर विकू, शेताचंही काय ते बघू. गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी चालू होतो का, ते पाहायला आम्ही दोघं चार्ज केलेली बॅटरी घेऊन पडवीत गेलो. ताडपत्री ओढली. पेडल खाली दाबलेलं, टेकू जागच्या जागी. रिक्षा थांबवून ती हेच करायला गेली होती. मला रडू आवरेना.

बाबांनी बॅटरी जोडली. मग त्यांनी चपला काढून मागच्या चाकाशी ठेवल्या आणि वर चढले. टेकू काढून माझ्या हातात दिला, इंजिन चालू केलं, क्लच दाबला. गिअर आवाज न करता पडला.

"वालाचं बियानं कुठं ठेवलंय गो तिनं?" त्यांनी विचारलं.