काकांचा आवाज जात नव्हता

सिग्नल काकांशी बोलताना मध्येच तोंड घातलं, तर ते रागावत नसत, नुसते थांबत. आपलं बोलून झालं तरी आणखी जरा थांबत आणि मग स्वतःचं वाक्य पहिल्यापासून सुरू करत. जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. "एका वेळी एकानंच बोलायचं," म्हणत. "दोघं बोलले की कुणाचंच पोचत नाही."

योकोहामात ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत, ते आणि त्यांची जपानी बायको, केइको काकू. मी नवऱ्यापाठोपाठ पुण्याहून इथे आले, तेव्हा कचरा वेगळा कसा करायचा ते काकूंनी शिकवलं आणि हौशी रेडिओ म्हणजे काय ते काकांनी. पहिलं मला जमलं.

दर रविवारी दुपारी काका नाशिकच्या बापटांशी रेडिओवर बोलत. बापट त्यांचे जहाजावरचे सोबती. "फोन का नाही करत?" मी एकदा विचारलं. "फोन काय, खिशातच असतो," ते म्हणाले. "इथे तो मला शोधतो, मी त्याला शोधतो. सापडलो की बरं वाटतं."

एका रविवारी बापटांचा आवाज स्वच्छ येत होता, पण काकांचा जात नव्हता. माइकचं बटण दाबलं की सेटवरचा लाल दिवा लागे आणि दोन शब्दांत विझे. पलीकडून बापट विचारत राहिले, "अरे, आहेस ना? तुटतोयस. आहेस ना?" काका माइककडे बघत बसले.

मग शोध सुरू झाला. मी सॉफ्टवेअरमधली, म्हणून मदतनीस. आम्ही वायर बदलली, वीजपुरवठा तपासला, गॅलरीत वाकून अँटेनाचा प्लग पुसला. काकांनी टोकियोतल्या अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून नवा माइक आणला. पुढच्या रविवारी तेच. "सगळं ठीक आहे आणि काहीच चालत नाही," काका म्हणाले. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी त्यांनी अँटेना काढून चाचणीचा डबा जोडला, म्हणजे लहरी बाहेर जाणार नाहीत, आणि माइक माझ्या हातात दिला. मी बटण दाबलं. दिवा लागला, लागलेलाच राहिला. त्यांनी दाबलं. विझला. पुन्हा मी, पुन्हा ते.

"तुझ्यावर खूश दिसतोय," काका हसले. मीही हसले. मला खरंच काही कळत नव्हतं.

चहा घेऊन आलेल्या काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी ट्रे खाली ठेवला, काकांचा उजवा अंगठा आपल्या मुठीत धरला आणि म्हणाल्या, "दाबा. माझा हात दाबा." काकांनी दाबला असावा. काकूंच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

डॉक्टरांनी मज्जातंतूंचा आजार सांगितला. बरा न होणारा.

काकांना हे आधीच ठाऊक होतं का? इतकी वर्षं यंत्रांतले दोष शोधणारा माणूस आपल्या अंगठ्याला विसरतो कसा? की शोध अंगठ्यापर्यंत पोचू नये म्हणूनच आम्ही त्या वायरी बदलत होतो? मी काकूंना विचारलं. "वाकारानाइ," त्या म्हणाल्या. कळत नाही.

काकांनी पायाने दाबायचं बटण बसवलं आणि रविवार पुन्हा सुरू झाले. वर्षभराने जीभ जड झाली. बापट म्हणत, "परत सांग, परत सांग." तेव्हा काकांनी कपाटातून मोर्सचे संकेत पाठवायची पितळी चावी काढली आणि डाव्या हाताने, अडखळत, टिकटिक करू लागले.

मला मोर्स येत नाही, काकूंनाही येत नाही. त्या शेवटच्या रविवारी काका बराच वेळ काहीतरी पाठवत होते, मध्ये थांबत होते, चुकत होते. आम्हा दोघींना कळत होते ते फक्त बापट.

"नाही रे, घाई नाही," ते म्हणत होते. "तू सावकाश पाठव. मी ऐकतोय."