व्याह्यांनी वाजवलेली शिट्टी

वाफेचं इंजिन आणि प्रेशर कुकर यांचं तत्त्व एकच आहे, हे मी नोकरीभर नववीच्या मुलांना शिकवलं. मुलं विसरली. मला मात्र निवृत्तीनंतर त्याची परीक्षा द्यावी लागली, तीही व्याह्यांसमोर.

आदिलाबादजवळच्या मावल्यात आमच्या घराच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. बांधली स्कूटरसाठी, पण स्कूटर विकली आणि खोली रिकामी झाली. त्याच सुमारास मी मोबाइलवर एका परदेशी म्हाताऱ्याला घरच्या घरी वाफेचं छोटं इंजिन बनवताना पाहिलं. म्हटलं, याला जमतं तर विज्ञानाच्या मास्तराला का जमू नये? (हा प्रश्न विज्ञानाला धरून नव्हता, हे नंतर कळलं.) भैंसा गावातल्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यातून जुना लेथ आणला. तांब्याच्या नळीचा बॉयलर केला, पितळेची चाकं कातली, आणि हातभर लांबीचं इंजिन उभं राहिलं. उभंच राहिलं. खाली स्पिरिटचा दिवा पेटवला की वाफ व्हायची, वाफ जिथून जायला नको तिथून जायची, आणि चाकं जागची हलायची नाहीत.

माझी बायको सुमन एकदा दारात येऊन बराच वेळ पाहत उभी राहिली.

"हे चालून कुठं जाणार हाय?"

"कुठं नाही. गोल रुळावर फिरेल."

"फिरून?"

"परत इथंच येईल."

"मंग आता इथंच तं हाय ते," ती म्हणाली आणि निघून गेली.

आता शिट्टीचं सांगतो. बॉयलरमध्ये वाफ जास्त झाली तर ती बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर खोलीचे पत्रे शेजारच्यांच्या अंगणात मिळतात. मी केलेल्या झडपा एकेक करून गळक्या निघाल्या. शेवटी माळ्यावरच्या जुन्या कुकरची शिट्टी गुपचूप काढून आणली आणि बॉयलरवर बसवली. अगदी बेतानं बसली. तिला एक तार बांधली. तार ओढली की शिट्टी उचलली जायची आणि वाफ सुटायची. आपल्याकडे त्या वजनालाही शिट्टीच म्हणतात आणि त्याच्या आवाजालाही शिट्टीच म्हणतात. सुमननं नवा कुकरही त्याच कंपनीचा घेतला होता, त्यामुळे दोघांचा आवाज सख्ख्या बहिणींसारखा. याचा विचार तेव्हा मी केला नाही.

आमचा मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. त्यानं लग्न केलं ते निर्मल गावच्या श्रावणीशी, दोघांच्या मर्जीनं, कोर्टात. श्रावणी तेलुगू घरातली. आदिलाबादच्या शाळेत शिकवते, म्हणून सध्या आमच्याकडेच राहते. पोरगी लाघवी, वर्षभरात आमचं मराठी शिकली, मला 'मामय्या' म्हणते, सुमनला 'अत्तय्या'. पण तिचे वडील नरसिंगराव लग्नाला आले नाहीत, आणि त्यानंतर वर्षभर तिच्याशी फोनवरही बोलले नाहीत. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, करारी माणूस. कारण कुणी बोलून दाखवलं नाही. आम्हाला ते बोलून दाखवायची गरजही नव्हती. आमच्या वडिलांनी दुसऱ्याच्या शेतात जन्म काढला, आणि त्या शेतमालकाच्या घरच्या लग्नात आमची पंगत सगळ्यांच्या शेवटी, गोठ्याच्या बाजूला बसायची. पुढे आम्ही बुद्धाला शरण गेलो, शिकलो, मी मास्तर झालो. तरी काही गोष्टी समोरच्याच्या तोंडावरून कळतात.

तर असे हे नरसिंगराव एक दिवस फोन करून म्हणाले की रविवारी दोघं येतो. सुमननं फोन जवळजवळ हिसकावून घेतला. "जेवायलेच या," ती म्हणाली. पलीकडून "सरे" असा आवाज आला. सरे म्हणजे बरं.

रविवार येईपर्यंत श्रावणीनं मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला. "मामय्या, नान्ना जेवतील ना?" नान्ना म्हणजे तिचे वडील.

"जेवतील की. न जेवायला काय झालं?"

मी असं म्हणायचो खरा, पण धाकधूक मलाही होतीच. आमच्या लोकांना पाहुण्याचं ताट वाचता येतं. ती विद्या शाळेत शिकावी लागत नाही. चहा घेतो पण पाणी घेत नाही, तो एक प्रकार. स्वतःची बाटली आणतो, तो दुसरा. आणि कित्येक भल्या माणसांना तर नेमका आमच्याच घरी आल्यावर उपास असतो. (एकानं तर उपास आहे असं सांगून आमच्या फाटकाबाहेरच्या गाड्यावर भजी खाल्ली होती. मी गच्चीवरून पाहिलं.) आता बाहेरच्यांचं सोडा. पण सुनेच्या बापानं असं केलं, तर ती पोर आमच्या घरात मान वर करून कशी वावरणार? त्या जेवणावर तिचं माहेर टिकणार की तुटणार, ते ठरायचं होतं.

सुमननं मटणाचा बेत केला. मटण कुकरमध्ये गॅसवर, आणि भाकरी मागच्या अंगणात चुलीवर. ज्वारीची भाकरी गॅसवर केली तर तिला ती भाकरी वाटतच नाही. चूल आणि माझी पत्र्याची खोली यांच्यामध्ये एक भिंत.

पाहुणे आले. व्याहीण हसऱ्या होत्या, त्या लेकीला घेऊन आतल्या खोलीत बसल्या. नरसिंगराव खुर्चीत ताठ बसले. मी कापसाच्या भावाबद्दल बोललो. ते म्हणाले, हौ. मी उन्हाबद्दल बोललो. ते म्हणाले, हौ. मी निर्मलच्या लाकडी खेळण्यांची स्तुती केली. त्यावर ते पंख्याकडे पाहू लागले. माझ्याजवळचे विषय संपले. मग मी घाबरून म्हणालो, "मी मागं एक इंजिन बनवून राह्यलो. पाहता का?"

ते लगेच उठले. बहुधा तेही घाबरले होते.

खोलीत मी दिवा पेटवला. पाणी तापलं, नळ्या फुसफुसल्या, चाकं नेहमीसारखी स्वस्थ राहिली. मी तोंड लपवायला म्हणून तार ओढली. फुस्स करून शिट्टी वाजली आणि नरसिंगरावांचा चेहरा बदलला. दिवाळीला फटाका फुटल्यावर पोराचा होतो तसा.

"मैं बजाऊँ?" त्यांनी विचारलं.

"बजाओ की."

त्यांनी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. मग म्हणाले, "और एक बार." मला इतका आनंद झाला की मी स्पिरिट वाढवलं. वर्षभर न बोललेला माणूस माझ्या खोलीत उभा राहून शिट्टी वाजवत होता, आणि प्रत्येक शिट्टीनंतर माझ्याकडे पाहून हसत होता.

भिंतीपलीकडे सुमन भाकऱ्या थापत शिट्ट्या मोजत होती. तिचा हिशेब पुरा झाला तशी ती ओरडली, "श्रावणी, गॅस बंद कर वं!" श्रावणीनं आईशी बोलता बोलता येऊन गॅस बंद केला. कुकरनं तोवर एकही शिट्टी दिली नव्हती. त्या बिचाऱ्याला बोलायची संधीच मिळाली नाही. पाहुण्यांना भूक लागली असेल या घाईत सुमननं मटणाच्या फोडी रश्श्यात सोडल्या, एक उकळी काढली आणि ताटं वाढली. एरवी ती फोड दाबून पाहते. त्या दिवशी तिनं शिट्ट्यांवर विश्वास ठेवला.

नरसिंगराव आणि मी समोरासमोर बसलो, बाजूला व्याहीण. सुमन आणि श्रावणी वाढायला. नरसिंगरावांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, खाल्ली. पाणी प्यायले, आमच्याच तांब्यातलं. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मटणाची एक फोड तोंडात टाकली आणि चावायला लागले. चावत राहिले. मी दोन घास भाकरीचे खाल्ले तरी ते चावतच होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. व्याहिणींनी तर एक फोड हळूच भाकरीच्या पदराखाली सरकवली. मी ते पाहिलं. सुमननंही पाहिलं. श्रावणी हातात भाताचं भांडं घेऊन खाली पाहत उभी राहिली.

म्हणजे घशाखाली उतरत नाही तर, मी मनात म्हणालो. पाण्यापर्यंत आले, रश्श्यापर्यंत आले, आणि पुढे अडले.

"भाऊ, अजून घ्या न," सुमन म्हणाली.

नरसिंगरावांनी तोंड न उघडता नको नको असा हात केला.

मला फार वाईट वाटलं, आणि मग राग आला. श्रावणीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. मी मनातल्या मनात भाषण जुळवायला सुरुवात केली. त्यात आमचे वडील आले, गोठ्याजवळची पंगत आली, माणसानं माणसाशी कसं वागावं तेही आलं. भाषण उत्तम जुळलं. या सगळ्या वेळात माझी नजर त्यांच्या ताटावरून हलली नव्हती. माझ्या ताटातलं मटण जसंच्या तसं होतं.

"नरसिंगराव," मी गंभीरपणे म्हणालो, "एक गोष्ट विचारू?"

आणि भाषणाच्या आधी जरा दम घ्यावा, वाक्याला वजन यावं, म्हणून मी एक फोड तोंडात टाकली.

ती दातात शिरेना. उजवीकडून घेतली, डावीकडून घेतली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा परवडला असता. नरसिंगराव माझ्या प्रश्नाची वाट पाहत चावत होते, मी त्यांच्याकडे पाहत चावत होतो, आणि भाषण सगळं आतच अडकलं होतं. असे आम्ही दोघं व्याही एकमेकांच्या डोळ्यांत पाहत बराच वेळ चावत राहिलो.

शेवटी मी फोड हातावर काढली. "हे तं कच्चं हाय," मी म्हणालो.

नरसिंगरावांनी इतका मोठा श्वास सोडला की समोरचा पापड हलला. त्यांनीही फोड काढली. मग ओशाळून म्हणाले, "हम समझे आपके घर में ऐसाइच पकाते. छोड़ते तो आप लोगां कुछ और समझते. इसलिए खा रहे थे."

'कुछ और' म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं, आणि इतक्या वर्षांत आमच्या घरी त्या 'कुछ और'ला भिऊन कुणी कच्चं मटण चावलं नव्हतं.

"पण शिट्ट्या तं म्या मोजल्या," सुमन म्हणत होती. "चांगल्या मोजल्या."

नरसिंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"वो... हम बजाए," ते म्हणाले.

श्रावणीला आधी हसू फुटलं. भाताचं भांडं खाली ठेवून, भिंतीला टेकून ती हसली आणि हसता हसता रडली. व्याहिणींनी भाकरीखालची फोड काढून सगळ्यांना दाखवली. मग त्या उठल्या, पदर खोचला, आणि "वदिना, पदा" असं म्हणत सुमनचा हात धरून स्वयंपाकघरात गेल्या. चला वहिनी, म्हणाल्या. कुकर पुन्हा चढला. आतून दोघींची तेलुगू-मराठी खिचडी ऐकू येत राहिली, आणि बाहेर आम्ही दोघं भुकेले बसलो.

मला आता बोलायला हरकत नव्हती. "खरं सांगू," मी म्हणालो, "मले वाटलं तुमाले आमच्या घरचं चालत नाही. मी तुमच्या ताटाकडंच पाहून राह्यलो होतो."

"हम आपके ताट को देख रहे थे, बावगारू," नरसिंगराव म्हणाले. "आप बोटी को हाथ नहीं लगाए. हम समझे, साल भर हम आए नहीं, उसका गुस्सा है. हमारे साथ बैठ के खाना आपको पसंद नहीं." बावगारू म्हणजे व्याही. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो.

दुसऱ्या वेळी मटण लोण्यासारखं शिजलं. नरसिंगरावांनी मागून घेतलं, हाडं चोखली, बोटं चाटली, आणि श्रावणीला जवळ बसवून तिच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं. जाताना पुढच्या रविवारी निर्मलला सगळ्यांनी जेवायला यायचं, असं दरडावून गेले.

ते गेल्यावर सुमन आणि मी उरलेलं संपवायला बसलो. मी तिला हे सगळं जरा रंगवून सांगितलं. दोन माणसांनी एकमेकांविषयी किती गैरसमज करून घ्यावेत, मानवी मन किती गुंतागुंतीचं असतं, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मन गिन काई नाही," ती म्हणाली. "तुमी दोघं एकामेकाच्या ताटात पाहून राह्यले होते. तुमी तरी आधी आपल्या ताटातलं खाल्लं असतं, तं मटण तवाच कुकरात परत गेलं असतं."

माझ्या तोंडात घास होता. चांगला शिजलेला होता, तरी मी तो बराच वेळ चावत राहिलो.