जावयाचं ताट

तानबाबद्दल लिहावं की नाही, हे मला कितीतरी दिवस ठरवता आलं नाही. लिहिण्याची मला सवय नाही, आणि या गोष्टीत माझंही थोडं चुकलं आहे.

तानबा माझा शेजारी. आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. बायको गेल्यावर वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावात दोन खोल्या घेऊन राहिला. त्याची एकुलती एक लेक मेघा पुलगावला दिली होती. महिन्यातून एका रविवारी ती छोट्या आकांक्षाला घेऊन यायची आणि बापाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या प्रफुल्लच्या इटालियन हॉटेलात न्यायची. मलाही ओढायची.

पहिल्या दिवशी पोकळ नळ्यांचा पास्ता आला तेव्हा मेघा म्हणाली, "बाबा, हे तर आपले सरगुंडेच."

"मंग रस कुठी हाय?" तानबा म्हणाला. काउंटरवरचा प्रफुल्लही हसला. आमच्याकडे उन्हाळ्यात काडीवर कणीक वळून सरगुंडे करतात, वाफवतात आणि आंब्याच्या रसाबरोबर जावयाला वाढतात.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मेघा काविळीने गेली. त्यानंतर आकांक्षाचं येणं कमी होत गेलं.

यंदा मे महिन्यात जावई अंकितचा फोन आला. घरी नको, हॉटेलातच भेटू, म्हणाला. तानबाला वाटलं, नातीला तिथलं आवडतं म्हणून. त्याने सकाळीच रस काढून डबा भरला. मलाही सोबत नेलं.

अंकित एकटाच आला.

"आकांक्षा कुठी हाय?"

"नाई आणलं तिले, बाबा."

तानबाने डबा टेबलावर ठेवला. प्रफुल्लला म्हणाला, "बाबू, तुह्ये सरगुंडे साधे उकडून दे. वर काई टाकू नोको." ताटली आली. त्याने डबा उघडून स्वतःच्या हाताने जावयाला रस वाढला.

"बाबा, लोक पाहून राह्यले," अंकित कुजबुजला.

"पाहू द्या. तुम्ही जेवा."

दोन घास खाऊन अंकितने सांगितलं. पुढच्या महिन्यात त्याचं दुसरं लग्न होतं. "आई म्हणते, पोरीले नव्या आईची सवय व्हाले पायजे. तवा आजोळचं येणंजाणं आता बंदच ठेवा."

तानबाच्या हातातला चमचा थांबला. मी त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलेल, रागावेल असं वाटलं. तो म्हणाला, "थोडा रस घ्या अजून."

अंकित मान खाली घालून खात राहिला. त्यालाही ते जड जात असावं. ताटली संपली, तसा तो हात धुवायला उठला. बेसिनपाशी त्याचा फोन वाजला. कानाला फोन तसाच धरून तो आला, वाकून तानबाच्या पाया पडला, "येतो बाबा," म्हणाला आणि मोटरसायकल काढून गेला.

तानबाने रसाच्या डब्याला झाकण लावलं.

"काऊन बोलला नाईस?" मी विचारलं.

"ताटावर बसलेल्या जावयाले कसं टोकावं? हात धुतल्यावर बोलणार होतो. महिन्यातून एकडाव दाखवा म्हणणार होतो, बस."

त्याच्या वतीने मी बोलू शकलो असतो. मला तर कसलं बंधन नव्हतं. पण मी पास्त्याच्या नळ्या काट्याने इकडच्या तिकडे सरकवत बसलो होतो.

जूनमध्ये आम्ही दोघं बसने पुलगावला गेलो. अंकितच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. घरमालक म्हणाला, लग्न करून ते पुण्याकडे गेले. पत्ता त्याच्यापाशी नव्हता. अंकितचा नंबर लागत नाही. मी माझ्या फोनवरूनही लावून पाहिला.

शाळा उघडल्या त्या दिवशी तानबा माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"यंदा दुसरीत गेली असन ना रे?"

"हो, दुसरीतच."

"कोन्या शाळेत?"

समोरून गणवेशातल्या मुली जात होत्या. त्या सगळ्या पुढे जाईपर्यंत तो बसला, मग उठून घरी गेला.